विंचू उतरला असे केव्हा म्हणावे?

आज आपण विंचवाविषयी बोलू.

मोठ्या काळ्या विंचवाला आपण भितो. पण खरे भय लहान, लाल विंचवाचे. कोकणात तो फार. लाकडे काढताना, पेंढा उचलताना, अंधारात वहाणा घालताना तो नांगी मारतो.

१९७६ साली डॉक्टर हिम्मतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात आले. विंचू चावलेली पोरे रात्री-अपरात्री तिथे येत. पोराला दरदरून घाम सुटे. ओकाऱ्या होत. हातपाय गार पडत. मग धाप लागे, तोंडाला तांबूस फेस येई, आणि पोर हातचे जाई. ह्यावर खात्रीचा इलाज तेव्हा नव्हता. डॉक्टर रोग्यापाशी बसून राहिले. केव्हा काय झाले, नाडी कशी, रक्तदाब किती, सारे लिहीत गेले. विष हृदयाला धरते आणि फुप्फुसांत पाणी भरते, हे त्यातून उमगले. १९८२ साली त्यांचे हे लिखाण इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ ह्या डॉक्टरी साप्ताहिकात आले. पुढे प्राझोसिन नावाची रक्तदाबाची गोळी त्यांनी देऊन पाहिली. ती लागू पडली. आधी विष अंगात भिनलेल्या शंभर रोग्यांतले २५-३० दगावत. मग ते प्रमाण एक-दोनांवर आले. दुसऱ्या देशांतले डॉक्टरही ती गोळी देऊ लागले. गोळीबरोबर विंचवाच्या विषावरचे इंजेक्शन दिले तर रोगी लवकर बरा होतो, हेही त्यांनी २०११ साली दाखवले.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या मांत्रिकाने कितीजणांचा विंचू उतरवला! आम्ही खोटे म्हणत नाही. पण बघा, पुष्कळ विंचू नुसते ठणकतात, आणि तो ठणका आपोआप उतरतो. नाव मांत्रिकाचे होते.

खरी फसगत पुढेच आहे. फार ठणका असला, तर पुष्कळदा विष चावल्या जागीच असते. विष अंगात भिनते तेव्हा ठणका थोडाच असू शकतो. पोर रडत नाही. घामाने भिजते, गार पडते. घरचे म्हणतात, “उतरला, निजू द्या.” तीच वेळ दवाखान्याची!

तेव्हा लहान मूल असेल तर वाट पाहूच नका. १०८ क्रमांकावर फोन करा. चावल्या जागी कापू नका. गोळी आपल्या मनाने देऊ नका. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून ती दिल्यावर रोग्याला निजवून ठेवतात.

दवाखान्यात तातडीच्या खोलीत पहिले विचारतील, “किती वाजता चावला?” तास खरा सांगा. मधे मांत्रिकाकडे दोन तास गेले असतील तर तेही सांगा. कुणी रागावले तर रागावू द्या. पुढचा उपाय त्या वेळेवर ठरतो.