शेड भाड्याने देण्याआधी

(हिंदमाता, दादर येथे घाऊक साडी खरेदीसाठी आलेल्या गटांतील महिलांसमोर क्षेत्र समन्वयकांनी केलेले मनोगत)



साड्यांचे गठ्ठे बांधून होईपर्यंत थोडा वेळ आहे, तेवढ्यात बोलून घेते. एनसीबी हे नाव टीव्हीवर ऐकलंच असेल. ऑक्टोबर 2021 मधला मुंबईच्या क्रूझचा छापा, शाहरुख खानचा मुलगा, रोज बातम्यांत दिसणारे साहेब. पुढचं मात्र फार कुणाला आठवत नाही. तपास मुंबईकडून काढून दिल्लीच्या पथकाकडे गेला आणि मे 2022 मध्ये आर्यन खानसह सहा जणांविरुद्ध पुरेसा पुरावा नाही, असं एनसीबीनेच सांगितलं. तोवर तो पोरगा जवळपास चार आठवडे आत राहून आला होता. म्हणून मला वाटतं, अशा खात्याचा साहेब किती गाजला ते बघू नये, त्याची केस कोर्टात टिकते का ते बघावं.

ही एनसीबी 1986 ची. एनडीपीएस कायदा 1985 चा. खातं केंद्रीय गृह मंत्रालयाचं, वर दिल्लीत महासंचालक, मुंबईचं ऑफिस बॅलार्ड इस्टेटला. राज्याबाहेर, देशाबाहेर पसरलेल्या टोळ्या पकडायच्या आणि पोलीस, कस्टम यांचा मेळ घालायचा, हे त्यांचं मुख्य काम. गावातल्या पुडीवाल्यासाठी आपलं पोलीस ठाणंच.

मग आपला काय संबंध? आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा कारखाना मुंबई पोलिसांनी पकडला. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यात कुरकुंभला धाड घातली. एमडी शेतात पिकत नाही, रसायनांपासून बनतं. त्याला शेड, वीज, पाणी आणि आडबाजूची जागा लागते. अशा जागा कुठे असतात? आपल्याकडेच!

बंद पडलेली पोल्ट्री कुणी दुप्पट भाड्याने मागितली तर घरात आनंद होतो. बोलणी मालक करतात, पण जागा तुमच्या नावावर असेल तर सही तुमची. कायद्याचं कलम 25 सांगतं, जाणूनबुजून जागा वापरू दिली तर मालकालाही तीच शिक्षा. 50 ग्रॅमच्या वर एमडी सापडलं तर किमान दहा वर्षं. तेव्हा करार लेखी करा, ओळखपत्राची प्रत घ्या, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या. उग्र वास, रात्रीचे टेम्पो, सतत बंद दार दिसलं तर स्वतः आत शिरू नका. 1933 ही एनसीबीची हेल्पलाइन आहे, तिथे कळवा. झडतीची वेळ आलीच, तर बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची असते, हे ठामपणे सांगा.

आणि घरातलाच मुलगा नशेत अडकला असेल तर लपवू नका. थोड्या मालासह सापडलेल्या व्यसनीने स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले, तर कलम 64ए खाली खटल्यापासून सूट मिळते. उपचार पूर्ण करावे लागतात, अर्धवट सोडले तर सूट जाऊ शकते. इथून चालत जाण्यासारखं केईएम आहे, तिथे मानसोपचार विभागात विचारा. गावाकडून 14446 लावा.

कुणाची शेडची बोलणी चालू असतील तर सही करण्याआधी कागद मला दाखवा, पुढच्या बैठकीला आणलात तरी चालेल.