थांबणाऱ्या मोटारीचे निदान

जुन्या मोटारीतील जो दोष कायमचा असतो, तो शोधणे फारसे कठीण नसते. तुटलेला पट्टा डोळ्यांना दिसतो, गळणारे पाणी जमिनीवर दिसते. कठीण असतो तो येऊन-जाऊन असणारा दोष. जून महिन्यातील दुपारी लखनौच्या चारबाग स्थानकावरून हजरतगंजकडे निघालेली एखादी अँबॅसडर गर्दीत एकाएकी बंद पडते. मागे कर्णे वाजू लागतात, चालक घामाघूम होऊन किल्ली फिरवीत राहतो. वीस मिनिटांनी तीच गाडी पहिल्या प्रयत्नात सुरू होते आणि मिस्त्रीच्या दारात उभी राहते, तेव्हा तिला काहीही झालेले नसते. मग अंदाजाने कॉइल बदलली जाते, आठवड्याने पंप, पंधरवड्याने कार्ब्युरेटर. आणि एवढा खर्च होऊनही गाडी पुढच्या दुपारी रेल्वेच्या फाटकावर पुन्हा थांबते. ही नुसती गैरसोय नव्हे, हे त्या रुळांवर ज्याची गाडी थांबली असेल तोच जाणे.

येथे विचार करावयाचा आहे तो अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या दोन गाड्यांचा. पहिली कलकत्त्याजवळील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होत होती. दुसरी मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यात शतक पालटेपर्यंत. दोहोंच्या जुन्या पेट्रोल गाड्यांत कार्ब्युरेटर आणि पॉइंटांवर चालणारी ठिणगीची यंत्रणा असते. ज्याला कारागीर 'डेल्को' म्हणतात, त्या वितरकात ही नाजूक यंत्रणा बसविलेली असते.

उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर गेला, की उत्तर भारतात प्रत्येक थांबलेल्या गाडीचे निदान ठरलेले असते : पेट्रोलची वाफ झाली. ही समजूत निराधार नाही. पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण असून त्यातील सर्वांत हलके घटक साधारण ३५ ते ४० अंशांनाच उकळू लागतात. इंजिनाच्या अंगालाच जोडलेला पंप तापला, की त्यात वाफेचे बुडबुडे साठतात आणि पंप द्रवाऐवजी वाफच ढकलू पाहतो. चालक पंपावर ओले फडके टाकतो, थोडा वेळ सावलीत बसतो; गाडी सुरू होते आणि निदान सिद्ध झाले असे सर्वजण मानतात.

परंतु येथेच मोठी फसगत आहे. त्या वीस मिनिटांत केवळ पंप थंड झालेला नसतो. कॉइल थंड झालेली असते, कंडेन्सर थंड झालेला असतो, टाकीतील ओढही नाहीशी झालेली असते. ओल्या फडक्याने गाडी सुरू झाली, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय वाफेचा अडथळा येतो तो बहुधा गर्दीत रेंगाळताना, किंवा तापलेली गाडी पाच-दहा मिनिटे उभी करून पुन्हा निघताना. कानपूरच्या मोकळ्या रस्त्यावर, समोरून वारा लागत असताना वेगात असलेली गाडी थांबली, तर संशय प्रथम दुसरीकडे गेला पाहिजे.

म्हणून गाडी थांबल्यानंतरची पहिली पाच मिनिटे मोलाची होत. ती कशी थांबली, हे आधी आठवावे. किल्ली बंद केल्यासारखी क्षणात निःशब्द झाली असेल, तर दोष बहुधा विजेचा. गचके देत, जोर गमावीत थांबली असेल, तर बहुधा इंधनाचा. त्यानंतर गाडी रस्त्याच्या कडेला न्यावी आणि तिला थंड होऊ देण्यापूर्वी ठिणगी पाहावी. प्लगची तार काढून, तिचे टोक रबरी मुठीच्या पकडीने इंजिनाच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरावे व दुसऱ्याने स्टार्टर फिरवावा. भरदार निळसर ठिणगी पडली, तर विजेला तूर्त दोष देता येत नाही. पिवळी, क्षीण ठिणगी दिसली तर कंडेन्सर तपासावा. तो स्वस्त असल्यामुळे चांगला बदलून पाहणे हीच सोपी परीक्षा. ठिणगीच नसेल, तर बॅटरीपासून कॉइलपर्यंत तात्पुरती तार जोडून पाहावे. गाडी सुरू झाली, तर किल्लीच्या खटक्यात किंवा तिथवरच्या तारांत दोष आहे. ही तार मात्र नंतर काढावी, कारण ती असेपर्यंत किल्लीने इंजिन बंद होणार नाही. इंधनाची नळी उघडावयाची ती ठिणगीची परीक्षा संपल्यावरच. तापलेल्या इंजिनाजवळ दोन्ही कामे एकाच वेळी करणे म्हणजे आगीला निमंत्रण होय.

सर्वांत फसवा दोष वितरकाच्या आत असतो. पॉइंट ज्या पाटीवर बसविलेले असतात, ती पाटी इंजिनावरील भारानुसार किंचित फिरते आणि तिच्याबरोबर एक बारीक तार रोज हजारो वेळा वाकते. काही वर्षांनी आतील तांब्याचे धागे तुटतात. वरचे आवरण मात्र शाबूत राहते. गाडी उभी असता टोके टेकलेली असतात आणि प्रवाह वाहतो. चढावर किंवा वेग घेताना पाटी सरकली, की तुटतो. मिस्त्री झाकण काढून पाहतो, तर तार अखंड दिसते! ती चिमटीत धरून हलके ओढावी. आवरण रबरासारखे लांबले, तर आत तांबे उरलेले नाही.

इंधनाच्या बाजूस टाकीचे झाकण विसरले जाते. पेट्रोल जेवढे खर्च होते तेवढी हवा टाकीत शिरली पाहिजे. वायुछिद्र धुळीने बुजले, तर आत पोकळी वाढत जाते आणि ठराविक अंतरानंतर पंप हरतो. गाडी थांबताच झाकण उघडावे. हवा आत ओढली जाण्याचा फुस्स आवाज झाला, तर चोर सापडला. गंजाची खपली टाकीतील नळीच्या तोंडावर ओढली जाऊन बसते, इंजिन थांबताच गळून पडते, हाही त्यातलाच प्रकार.

अलीकडे यात एक भर पडली आहे. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकले जाऊ लागले व पुढे ते देशभर पसरले. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा त्यासाठी बनविलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात, आणि टाकीत वर्षानुवर्षे बसलेला मळ सुटून पुढे येतो. नळ्या बदलल्याशिवाय नुसता कार्ब्युरेटर धुऊन येथे भागत नाही.

दुरुस्ती झाल्यानंतर सकाळच्या गारव्यात गॅरेजभोवती मारलेली फेरी ही परीक्षा नव्हे. गाडी त्याच रस्त्याने, दुपारच्या त्याच प्रहरी, तितकेच अंतर चालवावी, आणि पकड, कोरी तार व एक चांगला कंडेन्सर बरोबर असू द्यावा.