थोडक्या वाद्यांतील महासंगीत
(ज्युबिलीनिमित्त वरणगाव येथे दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीच्या या मंगलप्रसंगी संगीतावर चार शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली. विषय मी मुद्दाम असा घेतला आहे की, तो प्रथमदर्शनी आपल्या गावापासून फार दूरचा वाटावा. पाश्चात्त्य देशांत 'सिंफनी' नावाची एक भव्य वाद्यरचना असते. साठ, ऐंशी, प्रसंगी शंभर वादक एकत्र बसून ती वाजवितात. हीच रचना पाचसात वादकांकरिता नव्याने लिहून काढण्याची एक जुनी व आदरणीय रीत त्या देशांत आहे. तापीच्या खोऱ्यातील या लहानशा गावात त्या रीतीचा आपणांस काय उपयोग, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देणे हाच माझा हेतू आहे.

प्रथम एका अशा कृतीची हकीकत सांगतो, की जिचा विषय आपणां सर्वांच्या हृदयाजवळचा आहे. स्पेन देशाच्या दक्षिणेस कादिस नावाचे बंदर आहे. तेथील 'सांता क्वेवा' म्हणजे 'पवित्र गुहा' या भूमिगत प्रार्थनामंदिरासाठी, १७८६ च्या सुमारास, ऑस्ट्रियाचे थोर संगीतकार योसेफ हायडन यांजकडे एक मागणी आली. उपवासकाळातील उपासनेत धर्मगुरूंनी प्रभूच्या क्रुसावरील सात उद्गारांपैकी एकेक उच्चारून त्यावर प्रवचन करावे, आणि प्रत्येक प्रवचनानंतर चिंतनासाठी वाद्यसंगीत व्हावे, अशी तेथील प्रथा होती. भिंती, खिडक्या व खांब काळ्या वस्त्रांनी झाकलेले असत आणि मध्यभागी एकच मोठा दिवा तेवत असे, असे वर्णन हायडन यांनीच पुढे करून ठेविले आहे. एकामागून एक सात संथ रचना लिहावयाच्या आणि श्रोत्यांस थकवावयाचे नाही, हे काम सोपे नव्हते, असेही ते सांगतात.

ही रचना पूर्ण वाद्यवृंदासाठी होती. बासऱ्या, ओबो, बसून, शिंगे, तुताऱ्या, नगारे आणि तंतुवाद्यांचा मोठा मेळा, असा तिचा थाट. परंतु १७८७ साली हायडन यांनी स्वहस्ते तीच कृती अवघ्या चार वाद्यांसाठी उतरविली: दोन व्हायोलिन, एक व्हायोला व एक चेलो. लॅटिन उद्गारांचे शब्द त्यांनी पहिल्या व्हायोलिनच्या सुरांखाली छापविले, यासाठी की वादकाने केवळ सूर न काढता ते शब्द मनात उच्चारावेत. पाचवा उद्गार तहानेचा. तेथे वरचे व्हायोलिन खाली उतरणारे दोन सूर आर्ततेने काढते आणि बाकीची वाद्ये गज बाजूस ठेवून बोटांनी तारा छेडतात. जणू कोरड्या भूमीवर पाण्याचे थेंब पडावेत. ज्यास ही हकीकत ठाऊक नाही असा मनुष्य ते चार वाद्यांचे वादन ऐकून, येथे काही उणे आहे असे कदापि म्हणणार नाही. आज जगात ही कृती बहुधा या चतुष्टयरूपानेच वाजविली जाते.

हायडन हे काही एकटेच नव्हत. ध्वनिमुद्रण निघण्यापूर्वी राजधानीबाहेरच्या रसिकास सिंफनी ऐकावयास मिळणार कोठून? म्हणून योहान पेटर सालोमोन यांनी हायडन यांच्या लंडन येथील बारा सिंफनी बासरी, चार तंतुवाद्ये व पियानो यांच्यासाठी लिहून दिल्या. फ्रान्झ लिस्ट यांनी बेटहोफेनच्या नऊही सिंफनी एकट्या पियानोवर आणिल्या. घरच्या दिवाणखान्यात बहीणभाऊ, शेजारीपाजारी मिळून त्या वाजवीत, आणि अशा रीतीने ते महासंगीत घरोघर पोहोचले.

पुढे पहिले महायुद्ध संपताच, १९१८ साली, व्हिएन्ना शहरात आर्नोल्ड शोनबर्ग यांनी एक मंडळी स्थापिली. नवे संगीत नीट तालीम करून, पुनःपुन्हा ऐकवावे, हा तिचा उद्देश. टाळ्या वाजविण्यास मनाई, वर्तमानपत्री टीकाकारांस बंदी. शहर दारिद्र्याने गांजलेले; मोठा वाद्यवृंद बोलाविण्यास पैसा नाही. म्हणून शोनबर्ग यांचे शिष्य एर्विन स्टाइन यांनी गुस्टाफ मालर यांची चौथी सिंफनी १९२१ साली एक गायिका व डझनभर वादक यांच्यासाठी उतरविली. त्याच वर्षी स्टाइन, हान्स आइसलर व कार्ल रांकल या तिघांनी आंटोन ब्रुकनर यांच्या सातव्या सिंफनीचे असेच रूपांतर केले. हे ब्रुकनर म्हणजे परमभाविक कॅथलिक गृहस्थ. चर्चचे ऑर्गन वाजविण्यात त्यांचे तारुण्य गेले. परंतु चलन कोसळले, मंडळी १९२१ सालीच मोडली, आणि ते रूपांतर तिच्या सभेत वाजले नाही. तथापि कागद शिल्लक राहिले, आणि आज ती दोन्ही रूपांतरे देशोदेशी आवडीने वाजविली जातात.

आता एक गोष्ट ऐकून आपणांस कौतुक वाटेल. मोठ्या वाद्यवृंदात शिंगे, क्लॅरिनेट, बसून इत्यादी फुंकीची वाद्ये लांब सूर धरून ठेवितात, आणि त्यावर तंतुवाद्यांचा विस्तार होतो. त्यांतील बरीच वाद्ये गाळल्यावर तो धरलेला सूर कोणी द्यावा? व्हिएन्नाच्या त्या पंडितांनी हे काम दिले हार्मोनियमला! होय, आपल्या पेटीच्याच थोरल्या बहिणीला. १८४२ साली पॅरिस येथे अलेक्सांद्र दबँ यांनी हार्मोनियमचे पेटंट घेतले. पुढे कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनी जमिनीवर बसून एका हाताने भाता चालवावा अशी सुटसुटीत पेटी तयार केली. मराठी रंगभूमीने पायपेटी मानाने बसविली. आपण ज्या वाद्यास गरिबाघरचे म्हणतो, तेच मालरच्या सिंफनीत गाळलेल्या फुंकवाद्यांचा भार वाहते.

आपल्या प्रांतातही या कुळीचे प्रयत्न झालेले आहेत. हिटलरशाहीच्या छायेतून निसटून वॉल्टर कॉफमन हे यहुदी संगीतकार १९३४ साली मुंबईस आले, आणि काही महिन्यांतच त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापिली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात तिचे वादन होई. कॉफमन यांच्यासमवेत मेहली मेहता हे पारशी व्हायोलिनवादक आणि एजिदिओ वेर्गा हे इटालियन चेलोवादक वाजवीत. एक यहुदी, एक पारशी व एक इटालियन, असा तो मेळ! आकाशवाणीची सर्वपरिचित आरंभधून कॉफमन यांचीच मानली जाते. मेहता यांनी पुढे १९३५ साली मुंबईत सिंफनी वाद्यवृंद उभारिला, आणि १९४० साली चार तंतुवाद्यांचे चतुष्टयही.

आणि गोव्याचे आपले धर्मबंधू! तेथे चर्चच्या शाळेत मुलांस स्वरलेखन व व्हायोलिन शिकविण्याची प्रथा पोर्तुगीज काळापासून होती. त्याच शिदोरीवर शेकडो गोवेकर वादक मुंबईच्या चित्रपटसंगीतात मानास चढले. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे एका चर्चच्या गायनवृंदप्रमुखाचे पुत्र. १९५८ साली त्यांनी मुंबईत भारतीय रागांवर आधारलेली रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतली. ते लहानाचे मोठे करीत, व्हिएन्नाकर मोठ्याचे लहान; परंतु दोघांची किल्ली एकच, ती म्हणजे स्वरलेखन. आणि ती किल्ली चर्चच्या अंगणात मिळालेली होती.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. मोठ्याचे लहान करणे ही केवळ काटकसर नव्हे काय? काही अंशी तसे आहे. हायडन यांच्या त्या कृतीच्या शेवटी भूकंपाचे वर्णन आहे. तेथे नगारे व तुताऱ्या नसल्या म्हणजे जमीन हादरत नाही. चार वादकांनी कितीही जोर केला तरी ती उणीव राहतेच. परंतु लाभही तसाच खरा आहे. साठ जणांच्या मेळ्यात मधला सूर झाकला जातो. चौघांत तो स्पष्ट ऐकू येतो. साठांत एकजण चुकला तर खपते. चौघांत प्रत्येकजण उत्तरदायी. आपल्याकडे एक कीर्तनकार, एक पेटीवाला व एक तबलजी मिळून सारे महाभारत उभे करितात. तेथे, सैन्य कोठे आहे, असे कोणी विचारीत नाही.

बंधुभगिनींनो, आता आपल्या घराकडे वळतो. वरणगाव हे लहान गाव. १९६४ सालच्या आयुधनिर्माणीमुळे येथे नाना प्रांतांची कुटुंबे आली, भुसावळच्या रेल्वेमुळे आसपासही आली. पण बदली झाली, निवृत्ती झाली, मुले नोकरीसाठी पुण्यामुंबईस गेली, की गायनवृंदातला एकेक आवाज कमी होतो. अशा वेळी दोन मार्ग समोर येतात. यंत्राचे बटण दाबावे, तयार मुद्रित संगीत लावावे आणि आपण ओठ हलवावेत, हा सोपा मार्ग. मोठेपणाचा भास त्याने होतो; पण त्यात गाणारा आपण नसतो. दुसरा मार्ग हायडन यांनी दाखविला: जे चार आहेत त्यांच्यासाठीच नीट लिहावे, आणि त्या चौघांनी जीव ओतून वाजवावे.

म्हणून माझी विनंती एवढीच की, या ज्युबिलीची आठवण केवळ संगमरवरी पाटीत राहू नये. आपल्यातील दोन मुले व दोन मुली निवडा. त्यांस स्वरलेखन शिकवा. एकाच्या हाती व्हायोलिन द्या, एकाच्या हाती बासरी, एकीस पेटीवर बसवा, एकीस खालचा सूर धरावयास शिकवा. येत्या उपवासकाळी त्यांनी एकच लहानसे भजन चार स्वरपंक्तींत मांडून वाजविले, तरी पुष्कळ झाले. सुवर्णमहोत्सवास वा शतकमहोत्सवास जे येथे जमतील, त्यांस आपण तयार वादक ठेवून जाऊ.

प्रभूची स्तुती करण्यास किती वाद्ये पुरेत, याचे प्रमाण कोठेही ठरलेले नाही. जी आहेत ती सुरात असावीत, एवढे मात्र आपल्या हाती आहे.