मुलं, इंटरनेट आणि आपली अब्रू
(मराठी पालकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



'मुलांची इंटरनेटवरील सुरक्षितता' हा विषय निघाला की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठलं सॉफ्टवेअर घालू?" मी ऑन्टॅरिओतल्या एका शाळेत शिकवते. हा प्रश्न मला मराठी, पंजाबी, तमिळ, चिनी अशा सगळ्याच पालकांनी विचारला आहे. सॉफ्टवेअरबद्दल शेवटी बोलते, त्याला दोन मिनिटं पुरतात. आधी कॅनडात घडलेली एक गोष्ट सांगते. तुमच्यापैकी अनेकांना नाव ठाऊक असेल, तपशील कदाचित विसरला असाल.

ब्रिटिश कोलंबियातल्या पोर्ट कोक्विटलमची अमँडा टॉड. सातवीत असताना ती वेबकॅमवर गप्पा मारत असे. एका अनोळखी माणसाने तिची भरपूर स्तुती केली आणि एका क्षणी तिच्याकडून कपडा वर करून घेतला. ते चित्र त्याने टिपून ठेवलं. पुढे फेसबुकवरून धमकी आली की आणखी काही दाखवलं नाहीस तर हे सगळ्यांना पाठवीन. त्याला तिची शाळा, तिचे मित्र, नातेवाईक सगळं माहीत होतं. त्याने चित्र पाठवलंही. तिने शाळा बदलल्या, घर बदललं, चित्र मागोमाग येत राहिलं. ७ सप्टेंबर २०१२ रोजी तिने कागदाच्या कार्डांवर आपली कहाणी लिहून एक व्हिडिओ टाकला. १० ऑक्टोबरला तिने जीवन संपवलं. वय १५.

हे करणारा आयदिन कोबान नेदरलंड्समध्ये राहत होता. खोट्या नावांनी २२ खाती उघडून त्याने तिचा पिच्छा पुरवला होता. त्याला कॅनडात आणलं गेलं, २०२२ साली न्यायालयाने दोषी ठरवून १३ वर्षांची शिक्षा दिली. पुढे नेदरलंड्सच्या न्यायालयाने तिकडच्या कायद्यानुसार ती सहा वर्षांवर आणली.

आता यातली एक बाब आपण सहसा बघत नाही. अमँडाच्या घरच्यांना हे माहीत होतं, त्यांनी पोलिसांत तक्रारही केली होती. म्हणजे 'आईबापांना सांगितलं असतं तर' हे नेहमीचं वाक्य इथे पुरत नाही. तो माणूस एक होता आणि समुद्रापार होता. पण शाळेच्या व्हरांड्यात तिला नावं ठेवणारी, जेवायच्या सुट्टीत तिला एकटं पाडणारी, तिला मारहाण होत असताना भोवती उभी राहून बघणारी मुलं तिथलीच होती. चांगल्या घरची, तुमच्याआमच्या मुलांसारखी. तिकडून आलेल्या एका चित्राला इतकी ताकद या मुलांनी दिली. त्यांनी ते पाहून खांदे उडवले असते तर कोबानच्या हातात काय उरलं असतं?

धमकी देणाऱ्याचं सगळं भांडवल म्हणजे लाज. आणि लाजेचा साठा मराठी घरांत भरपूर असतो. 'लोक काय म्हणतील', 'घराण्याचं नाव', 'मुलीची जात' ही वाक्यं आपण विमानात बसताना मागे ठेवून आलो नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ साली त्यांची बाजू न्यायालयात डॉ. आंबेडकरांनी मांडली. आपल्या सभांतून आपण कर्व्यांचं नाव अभिमानाने घेतो. पण स्वतःच्या बारा वर्षांच्या मुलाशी शरीराबद्दल, आकर्षणाबद्दल, नग्न चित्रांबद्दल सरळ मराठीत बोललेले किती जण इथे आहेत? हात वर करायला सांगत नाही, घाबरू नका.

मुलाशी म्हणते, ते मुद्दाम. आज पैशांसाठी होणाऱ्या या धमक्यांत सापडतात ते प्रामुख्याने मुलगे. सुंदर मुलीच्या नावाचं खातं, थोड्या गप्पा, तिकडून एक फोटो, 'आता तू पाठव', आणि लगेच पैशांची किंवा गिफ्ट कार्डांची मागणी. सगळा खेळ कधीकधी एका संध्याकाळीत आटोपतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रिन्स जॉर्जमधल्या एका १२ वर्षांच्या मुलाने अशाच धमकीनंतर जीव दिला. तेव्हा 'आम्हाला मुलगा आहे, काळजी नाही' असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं.

म्हणून एक वाक्य घरी आधीच, काहीही घडलेलं नसताना, बोलून ठेवा: "तू काहीही पाठवलेलं असलंस तरी मला सांग, मी ओरडणार नाही आणि तुझा फोन काढून घेणार नाही." दुसरा भाग महत्त्वाचा आहे. मुलं गप्प राहतात त्याचं मोठं कारण फोन जाईल ही भीती असतं. आणि वाक्य बोललात तर पाळा.

प्रसंग आलाच तर पैसे द्यायचे नाहीत, आणखी चित्र पाठवायचं नाही, उत्तर देणं तिथल्या तिथे थांबवायचं. संदेश पुसायचे नाहीत, तो पुरावा आहे. विनिपेगच्या कॅनेडियन सेंटर फॉर चाइल्ड प्रोटेक्शनचं सायबरटिप डॉट सीए हे तक्रारीचं ठिकाण आहे. चित्र काढून टाकण्यासाठी काय करावं याची माहिती त्यांच्याच नीडहेल्पनाऊ डॉट सीए या संकेतस्थळावर आहे.

दुसरी बाजू जास्त अवघड आहे. आपलं मूल बळी पडेल ही भीती प्रत्येकाला असते. आपलं मूल ते चित्र पुढे ढकलणारं असेल, हा विचार मी फार थोड्या पालकांकडून ऐकला आहे. नोव्हा स्कोशियातली रेहतेह पार्सन्स १७ वर्षांची होती. तिचं चित्र शाळेत फिरलं ते ओळखीच्याच मुलांच्या फोनवरून. एप्रिल २०१३ मध्ये ती गेली. त्यानंतर झालेला केंद्राचा कायदा मार्च २०१५ पासून लागू आहे. कोणाचं खाजगी चित्र त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय पसरवणं हा त्यानुसार गुन्हा आहे, प्रौढाला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कॅनडात फौजदारी जबाबदारी वयाच्या १२व्या वर्षापासून सुरू होते, हे मुलांना सांगाच. पण नुसत्या कायद्याच्या धाकाने हे जमणार नाही. ज्याचं चित्र आहे त्याला विचारल्याशिवाय पाठवायचं नाही, ही सवय लहानपणी लागते आणि ती आपल्याकडे बघून लागते. मुलीचा रडका फोटो, मुलाचे परीक्षेतले गुण, नातवाचं आंघोळीचं छायाचित्र आपण पुण्या-नाशिकच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतो तेव्हा त्यांना विचारतो का? आणि कोणाच्यातरी बायकोची बदनामी करणारा मजकूर 'खरं-खोटं माहीत नाही, आला तसा पुढे पाठवतोय' म्हणून ढकलणारे काका आपल्या प्रत्येकाच्या ग्रुपमध्ये आहेत. मुलं तेही वाचतात.

आता सॉफ्टवेअर. आठ वर्षांच्या मुलासाठी जरूर घाला, त्याला सांगून घाला. पंधरा वर्षांच्या मुलीचे संदेश चोरून वाचणारं मात्र घालू नका. मी आत्ता सांगितलेल्या कायद्यात पोलिसांचे माहिती मिळवण्याचे अधिकारही वाढवले होते. २०१४ साली संसदेच्या समितीपुढे अमँडाची आई कॅरल टॉड यांनी त्याच भागाबद्दल काळजी व्यक्त केली. मुलांच्या रक्षणाच्या नावाखाली त्यांचाच खाजगीपणा जाऊ नये, असं त्यांचं म्हणणं होतं. जिची मुलगी गेली ती बाई हे म्हणते, तेव्हा आपण ऐकावं. शिवाय पंधरा वर्षांची मुलगी दुसरा फोन मिळवू शकते, आणि मग तुम्हाला काहीच कळणार नाही.

चहाआधी एक नंबर लिहून घ्या, मुलांच्याही फोनमध्ये घाला. किड्स हेल्प फोन: १-८००-६६८-६८६८. चोवीस तास चालू असतो, नाव सांगावं लागत नाही. बोलायला जड जात असेल तर ६८६८६८ वर संदेश पाठवता येतो.