जुन्या मोटारीचे पाणी

वर्ध्याहून नागपूरला, आर्वीहून वर्ध्याला किंवा हिंगणघाटहून बुटीबोरीच्या कारखान्यांकडे रोज सकाळी निघून दिवस मावळल्यावर घरी परतणारी जी नोकरदार माणसे आपल्या जिल्ह्यात आहेत, त्यांतल्या पुष्कळांच्या मनात आज ना उद्या एखादी जुनी मोटार घ्यावी असा विचार येतोच, आणि तो अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. पुलगाव-आर्वीची ३५ किलोमीटरांची अरुंद रेल्वे बंद पडली, कारखान्याची पाळी आणि एस. टी. यांच्या वेळांचा मेळ बसेलच असा भरवसा नाही, आणि मे महिन्यात दुचाकीवरून पाऊणशे किलोमीटर जाणे म्हणजे उष्माघाताला बोलावणे धाडणे होय. तेव्हा मोटार अवश्य घ्या. नवी घेण्याची ऐपत नसेल तर जुनी घ्या, त्यात कमीपणा यत्किंचितही नाही. माझी विनंती एवढीच, की तिच्या रंगाकडे पाहण्यापूर्वी तिच्या पाण्याकडे पाहा. पाणी म्हणजे रेडिएटरमधले पाणी. मला मिळालेल्या थोड्या मिनिटांत मी इतरही काही सांगेन, परंतु फिरून फिरून याच ठिकाणी येईन, ते आपण सहन करावे.

आधी हिशेब मांडू. वर्धा ते नागपूर हे अंतर जाऊन-येऊन सुमारे १५० किलोमीटर धरा आणि वर्षातले ३०० दिवस कामाचे माना. वर्षाकाठी ४५,००० किलोमीटर होतात. बाजारहाट आणि लग्नकार्ये यांपुरती वापरली जाणारी घरगुती मोटार एवढी मजल तीन-चार वर्षांत कशीबशी गाठते. लिटरला १८ किलोमीटर पडले तर या मजलेला २,५०० लिटर पेट्रोल लागेल, आणि लिटरचा भाव शंभर रुपयांच्या वर असताना नुसत्या इंधनापायी वर्षाला अडीच लाखांहून अधिक रुपये जातील. म्हणजे जी गाडी आपण दोन-अडीच लाखांना घेतो, तितकीच रक्कम ती पहिल्याच वर्षी पुन्हा पिऊन टाकते. असे असता किमतीतले दहा हजार कमी करून घेण्यासाठी चार रविवार खर्च करणारा आणि इंजिनाची तपासणी मात्र पाच मिनिटांत उरकणारा मनुष्य आपला फायदा कशात आहे हे ओळखत नाही, असे म्हणणे मला भाग आहे.

आपल्या आजोबांनी बैल कसा घेतला ते जरा आठवून पाहा. आर्वी, आष्टी, कारंजा या भागांतला गवळाऊ बैल पांढरा, हलक्या अंगाचा आणि चालीला तेज म्हणून दूरवर ख्यात आहे. बाजारात व्यापारी त्याची शिंगे साळून, तेल लावून, बेगड चिकटवून आणि पाठीवर झूल टाकून त्याला उभा करी. परंतु जाणता शेतकरी झुलीकडे ढुंकूनही पाहत नसे. तो ओठ वर करून दात पाही, दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळला आहे हे ठरवी, खांद्यावर हात फिरवून जुवाने सूज तर आली नाही ना याची खातरजमा करी, खूर पाही, गाडीला जुंपून चढावर चालवी, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ऊन चढल्यावर जनावर धापा टाकते का, तोंडाला फेस येतो का, हे सावलीत बसून शांतपणे न्याहाळी. एवढे झाल्यावरच रुमालाखाली बोटे धरली जात. त्याच शेतकऱ्याचा शिकलेला नातू आज मोटार घ्यायला जातो तेव्हा झूलच पाहून परत येतो, याचा मला खेद वाटतो. मोटारीचे दात म्हणजे किलोमीटर दाखवणारा आकडा असे कोणी समजू नये, कारण तो आकडा मागे फिरवता येतो. क्लचच्या पेडलवरचे झिजलेले रबर, चालकाच्या आसनाची दबलेली कड आणि गुळगुळीत झालेले स्टिअरिंग हे तिचे खरे दात. चाळीस हजार दाखवणाऱ्या गाडीचे पेडल लोखंडापर्यंत घासलेले असेल, तर कोणावर विश्वास ठेवावा हे सांगायला नको. आणि उन्हातली धाप? ती मोटारीच्या पाण्यात दिसते.

विक्रेत्याला माल ठाऊक आणि खरेदीदाराला तो अज्ञात, अशा बाजारात चांगल्या गाडीचा धनीच आपली गाडी विकायला काढीत नाही आणि उरतो तो बहुतांशी टाकाऊ माल, हा विचार जॉर्ज अकर्लोफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींचेच उदाहरण घेऊन मांडला, आणि २००१ साली त्याला जे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले त्याच्या मुळाशी हेच विवेचन होते. ज्ञानाची ही दरी बुजवण्याचे साधन आपल्या हातात काय, तर सर्व्हिसच्या पावत्या आणि आपले स्वतःचे डोळे. पावत्या नसतील तर डोळ्यांवर अधिक भार टाकावा लागतो.

आता हे पाणी एवढे मोलाचे का? इंजिनाने साधारण ९० अंशांच्या आसपास काम करावे अशी त्याची रचना असते आणि जास्तीची उष्णता रेडिएटरने बाहेरच्या हवेला द्यायची असते. आपल्याकडे मे महिन्यात ती हवाच ४५ अंशांना टेकलेली असते, शिवाय ए. सी.चा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसवलेला असल्यामुळे त्याची ऊबही आधी पोचते. साधे पाणी १०० अंशांना उकळते. परंतु बंद नळ्यांत दाब राखला आणि पाण्यात ग्लायकोल मिसळले, तर ते उकळण्याची मर्यादा ११५-१२० अंशांपलीकडे जाते. तो दाब राखणारे साधन म्हणजे रेडिएटरचे वा पाण्याच्या टाकीचे झाकण, काही शे रुपयांचे, ज्याच्या आतले रबर उन्हाने कडक होते आणि कोणी बदलत नाही. विहिरीचे अथवा बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे भरले म्हणजे त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतात. एके दिवशी केळझरच्या पुढे कुठेतरी पाणी उकळून बाहेर येते. ॲल्युमिनियमचे हेड वाकते, गॅस्केट उडते, आणि तरीही चालक गाडी हाकीत राहिला तर इंजिन सीझ होते. त्याची दुरुस्ती कित्येकदा गाडीच्या निम्म्या किमतीवर जाते.

म्हणून गाडी पाहायला सकाळी जा आणि विक्रेत्याला आदल्या दिवशीच बजावून ठेवा, की मी येईपर्यंत ती सुरू करू नका. पोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. बॉनेट गरम लागले तर गाडी आपल्यासाठी आधीच तयार करून ठेवली आहे असे समजून चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा या. गार असेल तरच झाकण उघडा. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडून हात आणि तोंड भाजून घेतलेली माणसे प्रत्येक गॅरेजला ठाऊक आहेत, तेव्हा याबाबतीत हयगय नको. आत हिरवे, लाल वा निळे स्वच्छ कूलंट दिसले तर उत्तम. चहासारखे तांबूस पाणी, कडेला विटकरी गाळ, बोट फिरवले तर नखात राहणारा गंज, असे दिसले तर त्या गाडीने कितीतरी उन्हाळे नुसत्या नळाच्या पाण्यावर काढले आहेत. पाण्यावर तेलाचे तवंग असतील, किंवा इंजिनाच्या तेलाचे झाकण उघडल्यावर त्याच्या आतल्या बाजूला सायीसारखा पांढरट लगदा आढळला, तर गॅस्केटबद्दल संशय घ्यावा आणि मिस्त्रीचा निर्वाळा मिळेपर्यंत इसार देऊ नये. पाण्याचे रबरी पाइप दोन बोटांत दाबून पाहा, कुरकुरले किंवा जोडाशी फुगलेले असले तर ते म्हातारे झाले.

मग गाडी सुरू करून ए. सी. लावा आणि उभ्या जागी वीस मिनिटे चालू ठेवा. रेडिएटरचा पंखा ऐकत राहा. ए. सी.मुळे तो फिरू लागला असेल तर मध्येच ए. सी. बंद करून इंजिन तापल्यावर तो आपणहून सुरू होतो आणि आपणहून थांबतो का, ते पाहा. किल्ली फिरवल्यापासून तो अखंड घोंघावत असेल, तर मिस्त्रीने ‘पंखा डायरेक्ट केला’ आहे. म्हणजे कोणता तरी रोग झाकला आहे. काही ठिकाणी थर्मोस्टॅटच काढून फेकतात, मग तापमानाचा काटा वर चढतच नाही आणि विक्रेता अभिमानाने सांगतो, की आमची गाडी कधी तापत नाही! ती धड तापत नाही म्हणूनच पेट्रोल जास्त खाते. अलीकडच्या कित्येक लहान गाड्यांत तर काटाच नसतो, नुसता दिवा असतो, आणि तो लाल होईपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो. तेव्हा अशा गाडीचे पाणी पाहण्याची जबाबदारी दुप्पट मानावी.

कोणती गाडी घ्यावी, असा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हापासून लहान पेट्रोल मोटारीचे काम जाणणारे मिस्त्री तालुक्या-तालुक्यांत तयार झाले, आणि हीच आपली खरी पुंजी आहे. वॅगनआर, स्विफ्ट, आय-टेन यांसारखी, जिचा वॉटर पंप आर्वीत किंवा हिंगणघाटात त्याच दिवशी मिळेल, अशी साधी पेट्रोल गाडी पसंत करावी. एवढ्या लांबच्या रोजच्या मजलेला डिझेल स्वस्त पडते हे खरे, परंतु दहा वर्षांच्या डिझेल गाडीचे इंजेक्टर आणि टर्बो यांचा खर्च एकदा अंगावर आला की त्या बचतीचा... असो, तो विषय स्वतंत्र भाषणाचा आहे.

दस्तऐवजांविषयी थोडक्यात सांगतो. नोंदणीपुस्तकावर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचा ३५ क्रमांकाचा नमुना मागा. नाव बदलण्यासाठी २९ आणि ३० क्रमांकाचे नमुने लागतात. विकणाऱ्यानेही निष्काळजी राहू नये, कारण नोंदणीत ज्याचे नाव आहे त्याच्यावरच अपघाताच्या भरपाईचे दायित्व येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले आहे. ‘नाव मागाहून करू’ या भिडेच्या बोलण्याला बळी पडू नका. मोटार वाहन कायद्याने खरेदीदाराला ३० दिवसांची मुदत दिली आहे, तेवढ्यात परिवहन कार्यालयाची पायरी चढा.

आणि गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात, नागपूरची पहिली फेरी करण्याआधी, जुने पाणी संपूर्ण काढून टाका, आतून धुऊन घ्या, कंपनीने सांगितलेले कूलंट शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात योग्य प्रमाणात भरा, झाकण नवे लावा आणि पाइप व पट्टा बदला. विक्रेता म्हणेल, मागच्याच महिन्यात बदलले आहे. त्याचे ऐकून घ्या आणि तरीही बदला. पुढे दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, पातळी पाहण्याची सवय घरातल्या एका माणसाला लावा, आणि पातळी वारंवार उतरू लागली तर वरून पाणी ओतून समाधान मानू नका, ते जाते कुठे याचा शोध घ्या.

समोरचा दिवा लागला, माझी वेळ संपत आली. टायरांविषयी बोलायचे राहूनच गेले. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी उन्हाने कडक झालेला जुना टायर समृद्धी महामार्गावर नेऊ नका, आणि स्टेपनीचे आकडेही वाचा, कारण तिच्याकडे बहुधा कोणीच पाहिलेले नसते. ब्रेकचे तेल, बॅटरी हे सारे पुढच्या वेळी बोलू.