पॅकेज सहा लाखांचं, हातात किती?

पेणच्या गणपती कारखान्यात मूर्तीचे डोळे आखणाऱ्याचा रोज ठरलेला असतो, नाहीतर नगामागे भाव. ठरलं तेवढं हातात येतं. धाटावच्या एमआयडीसीत केमिस्ट म्हणून लागलेल्या मुलाचं तसं नाही. तो घरी सांगतो, पॅकेज सहा लाख. घरचे लगेच बाराने भागतात, पन्नास हजार धरतात आणि त्यावर मोटारसायकलचा हप्ताही बसवून मोकळे होतात. पहिल्या महिन्यात खात्यात पडतात चाळीस हजार. मग ठरलेलं वाक्य येतं, "सरकारने कापले."

ते नेमणूकपत्र जरा समोर धरू. सहा लाख म्हणजे कंपनीचा त्याच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, सीटीसी. त्यात मूळ पगार, म्हणजे बेसिक, महिना २५,००० धरा. बेसिकच्या १२ टक्के, महिना ३,००० रुपये, कंपनी पीएफमध्ये भरते, वर्षाचे ३६,०००. ग्रॅच्युइटीची तरतूद बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे १४,४३०. कामगिरीवर मिळायचे ३०,००० वर्षअखेरीस, तेही साहेबांच्या मनात आलं तर. उरले ५,१९,५७०, महिन्याला सुमारे ४३,३००. त्यातून मुलाचा स्वतःचा पीएफ ३,००० आणि व्यवसाय कर २०० वजा करा. हातात ४०,१००.

यात आयकर किती? शून्य. २०२५-२६च्या नव्या करप्रणालीत पगारातून ७५,००० प्रमाणित वजावट मिळते आणि उरलेलं उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर करात पूर्ण सूट. म्हणजे पन्नास हजारांत जी ९,९०० ची तूट दिसते, तिच्यात कर फक्त २०० रुपये, आणि तोही राज्याचा. ६,००० पीएफमध्ये गेले. ते त्याच्याच नावावर. पीएफचा मूळ कायदा १९५२चा. तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते रोह्याचे चिंतामणराव देशमुख, हे रोहेकरांना मी सांगायला नको.

व्यवसाय कराची एक गंमत. फेब्रुवारीत शंभर रुपये कमी का आले, असं दरवर्षी कोणीतरी विचारतंच. अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, मिळून २,५००. राज्यघटनेने ही मर्यादा १९८८ साली घातली, ती अजून तेवढीच आहे. महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना महाराष्ट्रात २०२३ पासून हा कर नाही. पगारपत्रकात कापलेला दिसला तर विचारा.

आयकराचा चटका लागतो तो वर. डोलवीच्या पोलाद कारखान्यातल्या एखाद्या इंजिनिअरचा ढोबळ पगार वर्षाला १४ लाख असेल, तर वजावटीनंतर कर ७८,७५० आणि ४ टक्के उपकर धरून ८१,९००, महिन्याला ६,८२५. पण १२,७५,००० वर आयकर शून्य. तिथून दहा हजारांची वाढ मिळाली तर सीमांत सवलतीमुळे कर त्या वाढीएवढाच, दहा हजार, आणि वर उपकराचे ४००. वाढ मिळून चारशेचा तोटा! पेढे वाटण्याआधी हिशेब करा.

नव्या कामगार संहितांनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनातच धरतात. बेसिक बारीक ठेवून भत्ते फुगवायची जुनी युक्ती त्यामुळे अवघड झाली. काहींच्या हातात थोडे कमी येतील, पण ग्रॅच्युइटी वाढेल. मला हा सौदा वाईट वाटत नाही.

माझी खरी काळजी ठेकेदाराकडच्या कामगारांची आहे. पीएफ कापला म्हणून पावतीवर लिहिलं, एवढ्याने तो भरला असं होत नाही. पासबुक मोबाइलवर दिसतं; दर महिन्याला कामगाराचा आणि कंपनीचा, असे दोन्ही हिस्से जमा झालेत का बघा. ठेकेदार बदलला तरी पीएफचा यूएएन नंबर तोच राहतो. नवा नंबर काढून देतो म्हणाला, तर जुनाच पुढे करा.