पावसाळी माती, मधुमेह आणि रक्तातील दुर्मीळ जंतू
(हैदराबाद येथील महाजन कुटुंबांच्या मेळाव्यातील व्याख्यान)



हैदराबादेत तापाविषयी बोलावयाचे तर प्रारंभ रोनाल्ड रॉस यांच्या स्मरणाने होणे उचित आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या जठराच्या आवरणात त्यांना हिवतापाचा परोपजीवी दिसला आणि दूषित हवेने हा ताप येतो, ही जुनी समजूत मावळली. तापाचे कारण अंदाजाने नव्हे, तपासून ठरवावे, हा त्या शोधाचा धडा होय. मेलिऑयडोसिस या रोगाच्या बाबतीत तो धडा अजून पुरता गिरवला गेलेला नाही.

या रोगाचा प्रथम शोध १९११ साली रंगून येथे लागला. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. तेथील रुग्णालयात आल्फ्रेड व्हिटमोर आणि त्यांचे सहकारी सी. एस. कृष्णस्वामी शवविच्छेदन करीत असता काही मृतांच्या फुप्फुसांत, यकृतात व प्लीहेत पुवाच्या गाठी आढळल्या. त्यांतील जंतू घोड्यांच्या ग्लँडर्स या रोगाच्या जंतूसारखा होता. परंतु या माणसांचा घोड्यांशी संबंध नव्हता. मृतांपैकी बहुतेक मॉर्फिनच्या व्यसनाने खंगलेले, निराधार लोक होते. दुर्बळ शरीर हाच या जंतूचा आसरा, ही खूण अशी आरंभीच मिळाली होती.

बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलिआय हे या जंतूचे नाव. तो ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो. पायाच्या भेगेतून वा जखमेतून, दूषित पाण्यातून, किंवा वादळी पावसात श्वासावाटे तो शरीरात शिरतो. निरोगी माणसाला तो क्वचितच बाधतो आणि एका माणसापासून दुसऱ्याला होण्याचा प्रकार अत्यंत विरळा आहे. मात्र मधुमेह, मूत्रपिंडाचा जुना विकार, थॅलेसेमिया, कर्करोगावरील उपचार, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडे अथवा अतिमद्यपान यांनी ज्याची प्रतिकारशक्ती खचली आहे, त्याच्या रक्तात हा जंतू झपाट्याने पसरतो. यांत मधुमेही सर्वांत अधिक आढळतात. मधुमेह ही आज घरोघरची गोष्ट असल्याने हा विषय दूरचा राहत नाही.

भारतातील आरंभीच्या नोंदींपैकी एक १९९१ साली मुंबईहून प्रसिद्ध झाली. पुढे कर्नाटकाच्या किनारपट्टीत, विशेषतः उडुपी-मंगळूर भागात, पावसाळ्यात अनेक रुग्ण आढळू लागले. गोवा, केरळ, तमिळनाडू आणि आंध्र-तेलंगण येथूनही रुग्ण नोंदले गेले. २०२५ साली गुंटूर जिल्ह्यातील तुरकपालेम गावी मृत्यूंची मालिका घडली, तेव्हा याच रोगाचा संशय व्यक्त झाला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १,६५,००० लोकांना हा रोग होतो आणि ८९,००० दगावतात. रुग्णांपैकी ४४ टक्के दक्षिण आशियातील असावेत. मग तो दुर्मीळ का वाटतो? त्याचे निदानच दुर्मीळ, हे याचे मोठे कारण होय.

हा रोग अनेक सोंगे घेतो. कधी न्यूमोनिया, कधी न भरणारे गळू, कधी महिनोन्‌महिने रेंगाळणारा ताप व खोकला. त्यामुळे क्षयरोग समजून उपचार सुरू होतात आणि मोलाचा काळ निघून जातो. खरी परीक्षा रक्ताच्या जंतुसंवर्धनाची, म्हणजे ब्लड कल्चरची. प्रतिजैविके सुरू होण्यापूर्वी रक्त घेऊन ते काही दिवस वाढीस ठेवावे लागते. तेथेही हा जंतू दुसऱ्याच जातीचा, किंवा बाहेरून मिसळलेला, म्हणून दुर्लक्षिला जाऊ शकतो.

निदान वेळीच झाले तर औषध आहे. नेहमीच्या अनेक प्रतिजैविकांना हा जंतू दाद देत नाही. १९८९ साली थायलंडमधील चाचणीत सेफ्टाझिडीम या औषधाने गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण ७४ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आले. आज हे औषध अथवा मेरोपेनेम निदान दोन आठवडे शिरेतून देतात आणि नंतर तीन महिने वा अधिक काळ को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या देतात. बरे वाटू लागताच गोळ्या सोडणे घातक. रोग पुन्हा उलटतो.

महाजन कुटुंबांची मुळे गोव्या-कोकणाच्या लाल मातीत आहेत. आषाढ-श्रावणात देवदर्शनासाठी व गावच्या घरासाठी हैदराबादेहून जाणे होतेच. ते थांबवण्याचे कारण नाही. माशेलचा चिखलकाला निरोगी तरुणांनी आनंदाने खेळावा. परंतु पायाला जखम असलेल्या मधुमेही वडीलधाऱ्यांनी तो काठावर बसून पाहावा. शेतात, परसात वा चिखलात पादत्राणे घालावीत, जखम झाकावी, पाणी उकळून प्यावे आणि साखर ताब्यात ठेवावी.

परत आल्यावर ताप आला आणि तो हटेना, तर डॉक्टरांना दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात: रुग्णाला मधुमेह अथवा अन्य जुना विकार आहे, आणि तो पावसात मातीपाण्यात वावरला होता. रक्ताचे कल्चर करावे काय, हेही नम्रपणे विचारावे. अनेकदा जंतू शिरल्यापासून तीन आठवड्यांच्या आत लक्षणे दिसतात, पण तो वर्षानुवर्षे सुप्तही राहतो. दुसऱ्या महायुद्धातील एका युद्धकैद्याला तब्बल ६२ वर्षांनी हा रोग झाल्याची नोंद आहे. म्हणून जुना प्रवासही सांगण्यास संकोचू नये. घरच्या माणसाने वेळेवर दिलेली एवढी माहिती आपल्या वडीलधाऱ्यांचे प्राण वाचवू शकते.